सासऱ्यासाठी सोडलेला रस्ता

कुदूची विहीर, एन्नेदी
२० नोव्हेंबर १९८६

केलेई,

हे पत्र मी सांगतोय आणि माझी मुलगी हवाये लिहितेय. सासऱ्याने जावयाशी तोंडाने बोलायचं नाही, ही आपली रीत. कागदाला तोंड नसतं, म्हणून एवढी सूट घेतो.

गेल्या मंगळवारी मी तुझं नाक पाहिलं.

मी पांढऱ्या उंटावरून दक्षिणेच्या बाजाराला निघालो होतो. समोरून तुझा तो पत्र्याचा डबा धुरळा उडवत आला. मुंडासं गळ्यात लोंबतंय, तोंड उघडं, एक पाय दाराबाहेर, आणि वर गाणं चाललेलं. माझ्या अंगावर निळा झगा होता, उंटावर लाल खोगीर होतं. सगळा एन्नेदी मुलूख मला दोन कोसांवरून ओळखतो. माझा होणारा जावई तेवढा ओळखत नाही. मला पाहून रस्ता सोडायचा, तर तू हात हलवलास. मी काय तुझ्याबरोबर फुटबॉल खेळायला आलो होतो?

माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांना चुकवायला मी एकदा काटेरी झुडपात शिरलो. ते नेमके त्याच झुडपाच्या सावलीला येऊन झोपले. अर्धा दिवस मी आत बसून होतो, हूं की चूं केलं नाही. पाठीवर अजून वण आहेत. त्याला म्हणतात जावई.

आता पुन्हा तुझा एक डोळा जरी मला दिसला, तर सोयरीक मोडली असं समज. साखरवाल्या सेनूसीचा भाचा दोनदा विचारून गेलाय. त्याच्याकडे डबा नाही, उंट आहेत. आणि त्याचं तोंड कायम झाकलेलं असतं.

तोगोई शहामी

ता. क. बाबांना अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग, म्हणून इथे निर्धास्त लिहिते. सेनूसीच्या भाच्याचं तोंड झाकलेलं असतं तेच बरं आहे, मी एकदा उघडं पाहिलंय. बाबा मात्र खरंच बोलताहेत, तीन दिवस जेवताना दुसरा विषय नाही. मला तूच हवा आहेस, तेव्हा नीट माफी माग. शहाणपणा करू नकोस. – ह.


कलाइतजवळची छावणी
३ डिसेंबर १९८६

ज्यांचं नाव जावयाने घ्यायचं नसतं, त्या मामांना सलाम.

तुमचं पत्र अबाचा फेरीवाल्याने खोगिराच्या गादीत शिवून आणलं. लिबियन शिपायांना त्याचा चहा लागतो आणि आम्हालाही लागतो, म्हणून त्याला कुणीच अडवत नाही. पत्र मी तोंड झाकून वाचलं आणि तोंड झाकूनच उत्तर लिहितोय. आमच्या गाडीवरची बंदूक चालवणारा कोसो विचारतोय, दाढ दुखतेय का.

मामा, चूक झाली. वाऱ्याने मुंडासं सुटलं होतं ही सबब मी सांगणार नाही, जरी ते खरोखर सुटलं होतं. हात हलवला तो माशी हाकलायला, हेही सांगणार नाही.

शपथेवर लिहून देतो. यापुढे तुमचा निळा झगा दिसला की त्याच क्षणी रस्ता सोडेन. पुढे खड्डा असो, काटे असोत, गाडी शंभराच्या वेगात असो. आणि तुम्ही नजरेआड होईपर्यंत पुन्हा रस्त्यावर येणार नाही.

आता त्या डब्याबद्दल दोन शब्द बोलू द्या. आमच्या तुकडीत ऐंशी गाड्या आहेत आणि माझी सगळ्यांत पुढे असते. जमिनीत सुरुंग असतात, म्हणून मागच्यांनी माझ्या चाकांच्या खुणांवरूनच यायचं असा कडक नियम आहे. वीतभर इकडेतिकडे नाही. मी जिकडे वळेन तिकडे ऐंशी गाड्या वळतात. उंटांचा कळप तरी इतका ऐकतो का, ते तुम्हीच सांगा.

केलेई वर्दुगू

ता. क. हे मोठ्याने वाचू नकोस. माफी बरी जमली का? सेनूसीच्या भाच्याचे उंट लंगडे आहेत, असं सहज बोलता बोलता घरात टाकून दे. – के.


कुदूची विहीर
१५ डिसेंबर १९८६

केलेई,

शपथ पोचली. पाळशील तेव्हा खरी.

डब्याची मोठी ऐट सांगतोस. मग मला एक सांग, तीन वर्षं ते ऐंशी डबे करताहेत काय? बिर सेदेनला आपला मुलूख बळकावून लिबियन बसलेत वाळूच्या भिंतीमागे. रणगाडे गळ्यापर्यंत पुरलेत, तोफा रस्त्याकडे लावल्यात, आणि रोज मॅकरोनी खाताहेत. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही बसलात चहा पीत. तुम्ही त्यांच्याकडे बघता, ते तुमच्याकडे बघतात. याला लढाई म्हणतात होय? माझे उंट याहून जास्त हालचाल करतात.

इथल्या विहिरींवरचे म्हातारे म्हणतात, जो आज बिर सेदेनला बसलाय तो आपल्या नातवंडांच्या लग्नापर्यंत तिथेच बसणार. म्हणून निम्मी घराणी त्यांना शेळ्या विकायला लागली. मी विकत नाही. त्यांनी माझ्या भावाची विहीर बुजवली, ते मी विसरलेलो नाही. पण तुमच्याकडूनही मला काही आशा उरलेली नाही. माणूस किती वर्षं आशा धरणार?

त्यांचा एक रणगाडा परवाच्या पावसाळ्यात पश्चिमेच्या खारवटीत बुडाला. तेव्हापासून त्या पांढऱ्या सपाटीकडे त्यांचं कुणी फिरकत नाही, पहारासुद्धा ठेवत नाहीत. आता माझ्या शेळ्या त्या रणगाड्यावर चढून ऊन खातात. या लढाईत तेवढाच काय तो विजय.

सेनूसीच्या भाच्याचे उंट लंगडे आहेत असं हवाये म्हणते. मी जाऊन पाहिले, चांगले धडधाकट आहेत. ही बातमी हिला कुठून लागली, देव जाणे.

तोगोई शहामी

ता. क. तुझ्या अकलेमुळे मला दोन तास बोलणी बसली. यापुढे थापा मीच ठरवणार. – ह.


छावणी
३० डिसेंबर १९८६

मामांना सलाम.

आज थोडक्यात. येत्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या, म्हणजे आठ तारखेला सकाळी तुमचे उंट रस्त्यापासून लांब नेऊन बांधा. जितके लांब तितकं बरं. कारण विचारू नका. दक्षिणेकडून वारा सुटणार आहे आणि तो सरळ रस्त्याने येणार आहे, एवढंच समजा. हे मी लिहिलंय हे आमच्या कमांडर बर्कांना कळलं तर मला लग्नाची गरजच उरणार नाही, तेव्हा कागद जाळून टाका.

केलेई

ता. क. हवाये, आठ तारखेला तूही विहिरीवरच राहा. कुठेही जाऊ नकोस. मला भीती वाटते, ती माझ्यासाठी नाही. – के.


बिर सेदेन
१६ जानेवारी १९८७

मामा,

होय, वर लिहिलंय ते बिर सेदेनच. लिबियन अधिकाऱ्याच्या टेबलावर बसून, त्याच्याच पेनाने लिहितोय. कोसो शेजारी मॅकरोनीचा तिसरा डबा फोडतोय.

आता त्या गुरुवारचं ऐका. तुम्ही तिथे होतातच, तरी माझ्या बाजूने सांगतो. आमचा बेत साधा होता. रस्ता एकच. त्यांनी नीट जागं होऊन तोफांना हात लावायच्या आत, भरधाव जाऊन सरळ आत घुसायचं. सूर्य वर येत होता. दगडांच्या ढिगाऱ्यापाशी रस्ता वळतो ना, तिथे आलो, आणि ढिगाऱ्यावर बघतो तर पांढरा उंट, लाल खोगीर, निळा झगा.

मी विचार केलाच नाही. मुंडासं पापण्यांपर्यंत ओढलं आणि चाक डावीकडे फिरवलं. डावीकडे खारवट. आमच्या नकाशावर तिच्यावर लाल फुली आहे. कोसोने मागून माझ्या टाळक्यात पाण्याची पखाल हाणली. म्हणाला, "गाढवा, बुडवतोस सगळ्यांना." मी म्हणालो, "बुडलो तर बुडू, सासरे बघताहेत." मागे नियमाप्रमाणे ऐंशीच्या ऐंशी गाड्या माझ्या खुणांवरून खारवटीत उतरल्या. वायरलेसवर कमांडर बर्का माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

पण खारवट बुडाली नाही. थंडीत वाळून तिची भाकरीसारखी कडक पापडी झालीये. मला रस्त्यावर परत यायचं होतं, पण आरशात बघावं तर तुम्ही ढिगाऱ्यावर आहातच. नजरेआड होईपर्यंत यायचं नाही अशी शपथ. मग काय, तसाच पुढे गेलो. आणि समोर आलं बिर सेदेन, पण पाठीमागून. सगळ्या भिंती, सगळे रणगाडे, सगळ्या तोफा तोंड रस्त्याकडे करून. आमच्या बाजूला एक कपडे वाळत घालायची दोरी आणि मॅकरोनी ढवळणारा एक आचारी. त्याने आम्हाला पाहिलं आणि हातातली डाव शांतपणे खाली ठेवली.

दीड तासात ठाणं पडलं. तीन वर्षं जे झालं नाही ते.

आमचे चौघे गेले, मामा. त्यात सुगूमीही आहे, ज्याच्या लग्नात तुम्ही नाचला होतात. त्याची चहाची किटली माझ्या गाडीत आहे आणि मला ती कुणाला द्यायला होत नाही.

संध्याकाळी त्यांचा नकाशा सापडला. ढिगाऱ्यापासून पुढच्या रस्त्यात चारशे सुरुंग होते, त्याच आठवड्यात पुरलेले. आम्हाला पत्ताच नव्हता. सरळ गेलो असतो तर हे पत्र लिहायला कुणी उरलं नसतं. तुम्ही नेमके त्या वेळी तिथून निघालात, हे माझं नशीब.

आता एवढंच कळवा, माझा एकही डोळा दिसला नाही ना?

केलेई


कुदूची विहीर
२८ जानेवारी १९८७

केलेई,

बिर सेदेन पडल्याची बातमी तुझ्या पत्राच्या आधीच आली. जी माणसं लिबियनांना शेळ्या विकत होती, ती आता येता-जाता मला सांगताहेत की आम्ही मनाने पहिल्यापासून तुमच्याच जावयाकडे होतो. सुगूमीसाठी आम्ही सगळ्यांनी दुवा मागितली. चांगला पोरगा होता. त्याची किटली त्याच्या आईला दे, तुझ्याकडे ठेवू नकोस.

आता मुद्द्याचं.

आठ तारखेला मी ढिगाऱ्यावर नव्हतो. लांब बांधा म्हणालास म्हणून पाच तारखेलाच मी उंट घेऊन तेर्केच्या विहिरीवर गेलो. दोन दिवसांची वाट आहे. तिथे खरजेच्या उंटांना कवंडळाच्या कडू बिया जाळून काढलेलं डांबर फासत बसलो आणि बारा तारखेला परत आलो. डांबर अजून नखांतून गेलेलं नाही. तेर्केचे वीस लोक साक्षीला आहेत.

मग तू रस्ता सोडलास तो कुणासाठी? एवढं तोंड झाकून, एवढ्या गाड्या घेऊन, चिखलात बुडायची तयारी ठेवून माणूस एकाच माणसासाठी पळतो. निळे झगे बाजारात मिळतात. पांढरे उंट दुसऱ्यांकडेही आहेत. मुलीही दुसऱ्यांना आहेत.

तुझा दुसरा सासरा कोण, ते सरळ सांग. नाव घेता येत नसेल तर विहिरीचं नाव लिही, मी माणूस ओळखेन. खुलासा येईपर्यंत सोयरीक मोडली. सेनूसीला मी निरोप धाडतोय.

तोगोई शहामी

ता. क. बाबा सांगत होते आणि मी लिहीत होते, काय हाल झाले ते मलाच ठाऊक. तुला दुसरा सासरा नाही, हे मला पक्कं माहीत आहे. कसं माहीत आहे ते आत्ता विचारू नकोस. निरोप जाणार तो अबाचाच्या हाती, आणि मी त्याला सांगितलंय, वाटेत विसर. – ह.


बिर सेदेन
१३ फेब्रुवारी १९८७

मामा,

अल्लाची शपथ, माझा सासरा एकच आहे. एकाचीच मला पुरेशी भीती वाटते.

इथे माझी काय अवस्था झालीये ते ऐका. राजधानीहून मोठे अधिकारी आले. कमांडर बर्कांनी भिंतीवर नकाशा लावून त्यावर बाण काढला. बाण रस्त्याने येतो, ढिगाऱ्यापाशी एकदम डावीकडे मोडतो आणि खारवटीतून ठाण्याच्या पाठीत घुसतो. सगळे त्या वळणावर बोट ठेवून विचारतात, "इथे वळायचं हे सुचलं कसं?" बर्का माझ्याकडे बघतात. मी जमिनीकडे बघतो. सगळे म्हणतात, किती नम्र पोरगा आहे.

आणि मामा, त्या एका वळणाने लढाईच उलटी झालीये. आता उत्तरेच्या कुठल्याही ठाण्यावर लिबियन शिपाई स्वस्थ जेवत नाही. पकडलेले कैदी सांगतात, सगळीकडे तोफा उपटून चारी दिशांना लावताहेत, म्हणजे एकाही दिशेला पुरेशा उरत नाहीत. आपल्यातले जे त्यांच्या बाजूने लढत होते, ते रोज दहा-वीस करून बंदुकांसकट इकडे येताहेत. आधी आम्ही त्यांच्या भिंतीकडे बघत बसायचो. आता ते सगळ्या क्षितिजाकडे बघत बसलेत.

फक्त माझी पंचाईत झालीये. पुढचा हल्ला वादी केरीवर, जिथे त्यांची विमानं उतरतात. बर्कांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "केलेई, तिथेही एक वाकडी वाट काढून दे." मी कुठून काढू? मला वाटा ठाऊक नाहीत, सासरा ठाऊक आहे. माझ्या मागे ऐंशी गाड्या डोळे मिटून येतात, आणि त्यांना कुणाला माहीत नाही की पुढचा माणूस नुसता घाबरून वळला होता.

तुम्ही नव्हतात, तर ढिगाऱ्यावर होतं कोण? मला रोज तो झगा दिसतो. हवायेचं लग्न दुसरीकडे करू नका. एवढं मागतो.

केलेई


कुदूची विहीर
२६ फेब्रुवारी १९८७

केलेई,

बाबा बाजाराला गेलेत, म्हणून आज वर, खाली, मध्ये, सगळीकडे मीच.

मी होते.

तुझं तीस डिसेंबरचं पत्र चार तारखेला मिळालं. त्याच्या आदल्या दिवशी मी शेळ्या शोधत ढिगाऱ्याकडे गेले होते. लिबियन शिपाई रस्त्यात खड्डे खणून थाळ्यांसारखं काहीतरी पुरत होते आणि वरून माती सारखी करत होते. ते गेल्यावर एक शेळी पुढे पळाली. तिचं काय झालं ते लिहीत नाही. आणि दुसऱ्या दिवशी तुझं पत्र, वारा सरळ रस्त्याने येणार म्हणून. अबाचा पत्र टाकून पूर्वेकडे निघून गेला होता. बाबांना सांगायचा धीर होईपर्यंत ते तेर्केला गेले. तुला कळवायला कुणीच नव्हतं.

मी खूप विचार केला. रस्त्यात उभी राहून हात हलवला असता तर तू हात हलवून पुढे गेला असतास, तुझी सवय मला ठाऊक आहे. ओढणी उडवली असती तर तुझ्या त्या कोसोला फसवणूक वाटून त्याने गोळी घातली असती. समज, मला चुकवून तू गाडी बाजूला घेतली असतीस, तरी चार पावलांवर पुन्हा रस्त्यावरच आला असतास. भर वेगात तू रस्ता सोडशील आणि सोडूनच राहशील, असा जगात एकच माणूस आहे. त्याचा झगा खुंटीवर होता. पांढऱ्याला खरूज नव्हती, म्हणून तोही घरीच होता.

खारवट कडक झालीये हे शेळ्यांमुळे माहीत होतं. पण शेळी म्हणजे गाडी नव्हे. म्हणून आदल्या दिवशी पांढऱ्यावर पाण्याने भरलेल्या चार पखाली लादून त्याला खारवटीत पळवून पाहिलं. तरीही तू वळलास तेव्हा मी डोळे मिटले. उंटावर बसून मी रडत होते, केलेई, आणि वरून सासऱ्याची ऐटही सांभाळत होते. ऐंशी गाड्या गेल्या. मी मोजल्या.

आता माझं ऐक. हे बाबांना कळता कामा नये. मुलीने बापाचे कपडे घालून, एवढ्या पुरुषांसमोर, एकटीने शत्रूच्या रस्त्यावर जायचं. सोयरीक राहील, पण मीच राहणार नाही. काहीतरी थाप मार. थापा मीच ठरवणार असं म्हणाले होते, पण या वेळी मला सुचत नाहीये.

हवाये


वादी केरी
२४ मार्च १९८७

मामा,

वरचं नाव बघून दचकू नका. इथे लढाई झालीच नाही म्हटलं तरी चालेल. मी वाकडी वाट काढलीच नाही. बर्कांना म्हणालो, या वेळी सरळ जाऊ, ते सगळीकडे बघताहेत, सरळ कुणी बघणार नाही. आम्ही पोचलो तेव्हा निम्मे आधीच उत्तरेला पळाले होते. उरलेल्यांनी वाळवंटाच्या बाजूला तोफा लावल्या होत्या, आणि आम्ही आलो दारातून. लोक म्हणताहेत, आता दोन महिन्यांत सगळा उत्तर भाग मोकळा होईल. तीन वर्षं जागचं हललं नव्हतं, ते अडीच महिन्यांत इथवर आलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आठ तारखेला ढिगाऱ्यावर कुणी नव्हतं. मी खोटं लिहिलं होतं. मला रस्त्यावर भीती वाटली, चाक फिरवलं, आणि गाडी खारवटीत गेली. झगा आणि उंट मी मागाहून रचले, तुम्ही खूश व्हावं म्हणून. जावई भित्रा आणि खोटारडा आहे, असं समजा. सोयरीक मोडायची तर मोडा. पण ढिगाऱ्यावर कोण होतं, हे यापुढे कुणालाही विचारू नका. एवढी एक मेहेरबानी करा.

केलेई वर्दुगू


कुदूची विहीर
९ एप्रिल १९८७

केलेई,

आज हवाये लिहीत नाहीये. अबाचा लिहितोय. त्याचं अक्षर घाणेरडं आहे, पण तो खाली स्वतःचं काही जोडत नाही. मी चार ओळी सांगायच्या आणि तिने पान भरेपर्यंत लिहायचं, हे पाच महिने चाललंय. मला वाचता येत नाही, पण वेळ कळतो.

तुझं शेवटचं पत्र ती मला वाचून दाखवत होती. "भित्रा आणि खोटारडा" इथपर्यंत आली आणि थांबली. म्हणाली, डोळ्यांत धूळ गेली. विहिरीवर वारा नव्हता. मग कागद खाली ठेवून तिने सगळं सांगितलं, शेळीपासून झग्यापर्यंत. मी ऐकून घेतलं.

आता माझं ऐक. मला ते जानेवारीपासूनच माहीत होतं.

बारा तारखेला तेर्केहून आलो तर पांढऱ्याच्या चारी पायांना गुडघ्यापर्यंत खारवटीचं मीठ. खोगिराचा पट्टा दोन भोकं आत घेतलेला. माझ्या झग्याला हवायेच्या केसांतल्या तेलाचा वास. चाळीस वर्षं उंटचोरांचा माग काढलेला माणूस आहे मी, एवढंही कळू नये? तुझं बिर सेदेनचं पत्र आल्यावर बाकीचंही जुळलं. मला एकच मुलगी आहे. ती ज्या ढिगाऱ्यावर उभी राहिली, तिथून चारशे सुरुंग पन्नास पावलांवर होते. रागवायचं होतं, ते बाजूला ठेवलं. मग ठरवलं, ही आपणहून सांगेपर्यंत गप्प बसायचं. पण ती तुझ्यासारखीच लबाड. म्हणून दुसऱ्या सासऱ्याचं पिल्लू सोडलं. तुम्हा दोघांतलं कोण आधी तोंड उघडतं, ते मला बघायचं होतं. दोन महिने मजेत गेले. सेनूसीला निरोप धाडलाच नव्हता. अबाचा तो विसरायची उगाच काळजी करत होता.

तू तोंड उघडलं नाहीस. ऐंशी गाड्यांचा लाडका असताना तिच्यासाठी स्वतःला भित्रा म्हणवून घेतलंस, आणि तेही माझ्यापुढे, जो हे गावभर सांगेल. बरं केलंस. आता सेनूसीच्या भाच्याचे उंट लंगडे आहेत, हे मलाही पटलंय.

रीतीचं बोलू. तू ढिगाऱ्यावर पाहिलास तो माझा झगा, पण आत होती हवाये. म्हणजे सासऱ्याला द्यायचा मान तू तिला दिलास. मी म्हाताऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, एकदा दिलेला मान परत घेता येत नाही. तेव्हा अट ही. लग्नानंतर ती समोरून आली की तू रस्ता सोडायचा, आणि ती पुरे म्हणेपर्यंत परत यायचं नाही. मागे कितीही गाड्या असोत.

पाऊस पडून खारवट मऊ व्हायच्या आत ये. तोंड झाकून.

तोगोई शहामी

ता. क. मी अबाचा. काही जोडायचं नाही असं ठरलं होतं, पण वरातीपुढे पांढऱ्या उंटावर निळा झगा घालून कोण बसणार, यावरून आत सकाळपासून बापलेकीचं भांडण चाललंय. म्हातारा हरतोय. तू आपला जो कोणी दिसेल त्याला बघून वळ.